बरणीतील सर्पगंधा

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत काष्ठौषधींच्या दुकानी ज्या मुळ्या, साली आणि कंद पुडीत बांधून मिळतात, त्यांपैकी किती कोणी लावलेले आणि किती रानातून उपटून आणलेले, हा विचार आमच्या मनात पूर्वी कधी आला नव्हता. अडुळसा, गुळवेल ह्यांचे ठीक आहे. पान खुडले, कांडे तोडले तरी झाड जगते. परंतु जिचे औषध मुळात, तिचे मूळ खणणे म्हणजे तिचा प्राणच घेणे होय.

सर्पगंधेचे तसेच झाले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिच्या गुणासंबंधीचा आपला अनुभव एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि आमच्या रानातील हे लहानसे झुडूप साऱ्या जगास हवेसे झाले. अखेर १९६९ साली सरकारला मुळ्यांच्या निर्यातीस बंदी घालावी लागली. बी पेरून भरपाई करावी, तर त्यातले उगवते फारच थोडे.

येथे ऊतिसंवर्धन उपयोगी पडते. निरोगी झाडाच्या कोंबाचा नखाएवढा तुकडा जंतुनाशक द्रावात धुऊन काचेच्या बरणीतील खाद्यावर ठेवतात. हे खाद्य म्हणजे साखर, क्षार आणि जीवनसत्त्वे घालून अगारने घट्ट केलेला रस. हे अगार म्हणजे आपल्या घरांतील चायना ग्रासच. वाढीस प्रेरणा देणारी दोन प्रकारची द्रव्ये त्यात घालतात. पैकी सायटोकायनिन अधिक असल्यास कोंब फुटतात, ऑक्सिन अधिक असल्यास मुळे. हे स्कूग व मिलर ह्यांनी १९५७ साली तंबाखूवर दाखविले. बुरशीचा एक कण शिरला की सारे श्रम वाया! लोणच्याच्या बरणीस ओला हात लागू न देणाऱ्या आमच्या वाचकभगिनींस हे सोवळे निराळे समजावून सांगावयास नको.

एका कोंबापासून निघालेली रोपे बहुतेक एकाच गुणाची होतात. म्हणून ज्याच्या मुळात द्रव्य भरपूर आहे असे झाड आधी पारखून घ्यावे लागते. निवड चुकली तर तीच चूक हजारपट होते.

खरी परीक्षा पुढेच. बरणीतील दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर नीट धरलेला नसतो. बाळंतिणीच्या खोलीतील तान्ह्या मुलाप्रमाणे त्यांस बाहेरची हवा हळूहळू दाखवावी लागते. आधी झाकण ठेवून, मग सावलीत, असे काही आठवडे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा धीर फार लागतो. गेल्या वैशाखात आम्ही उतावळेपणाने असे एक रोप आणल्या दिवशीच अंगणात लावले. चौथ्या दिवशी त्याची पाने कुरकुरीत झाली होती. दुसरे रोप आम्ही मृगानंतर, पडवीच्या सावलीत ठेवले. त्यास आता सहा पाने आहेत.