प्रश्न एक, उत्तर दुसरेच

परीक्षेत विचारलेला प्रश्न सोडून विद्यार्थ्याने भलत्याच प्रश्नाचे सुरेख उत्तर लिहिले, तर परीक्षक त्याला शून्य गुण देतो. अक्षर वळणदार आहे, भाषा ओघवती आहे, म्हणून त्याची गय होत नाही. देशाच्या सर्वोच्च पदाचे उमेदवार दूरचित्रवाणीसमोर परीक्षेला बसतात, तेव्हा मात्र हा साधा न्याय गुंडाळून ठेवला जातो.

अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या अशा वादसभा अमेरिकेत १९६० साली केनेडी व निक्सन यांच्यापासून सुरू झाल्या. प्रश्नाला बगल देण्याची कलाही त्यांच्याबरोबरच वाढीस लागली. १९८४ साली ७३ वर्षांच्या रेगन यांना त्यांच्या वयाच्या अनुषंगाने कार्यक्षमतेविषयी विचारण्यात आले. शंकेला जागा नाही, एवढेच म्हणून त्यांनी पुढे कोटी केली, की प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा व अननुभवाचा आपण राजकीय लाभ उठविणार नाही! ५६ वर्षांचे माँडेलही हसले आणि रास्त प्रश्न हशात विरून गेला.

विनोद निदान ओळखू येतो. त्याहून घातक आहे ती गंभीर चेहऱ्याने दिलेली बगल. २६ सप्टेंबर २००८ रोजी ओबामा व मॅकेन समोरासमोर आले, तेव्हा वित्तसंस्थांना सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरची योजना विचाराधीन होती. सूत्रसंचालक जिम लेहरर यांनी विचारले : या खर्चापायी तुम्ही आपल्या कार्यक्रमांतील काय सोडाल? अर्थशास्त्राचा सारा गाभा या प्रश्नात आहे. एका कामी खर्चलेला पैसा दुसऱ्या कामी उरत नाही. ओबामांनी काही गोष्टी लांबणीवर पडतील हे मान्य केले, पण यादी वाचली ती टाळता न येणाऱ्या गोष्टींची. मॅकेन सरकारी उधळपट्टीवर बोलले. आपल्या संकल्पांत मोठा बदल दोघेही सुचवीत नाहीत, असे लेहरर यांनाच बोलून दाखवावे लागले. त्यानंतर कुठे मॅकेन काही खाती वगळून खर्च गोठविण्याच्या सूचनेपर्यंत आले. पुन्हा विचारण्याचे महत्त्व यावरून ध्यानी यावे.

हे खपते कसे? हार्वर्डचे संशोधक रॉजर्स व नॉर्टन यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आरोग्यसेवेवरील एकच उत्तर निरनिराळ्या प्रश्नांना जोडून श्रोत्यांना ऐकविले. प्रश्न अगदीच दूरचा असला, तर श्रोत्यांना लबाडी कळली. तो अमली पदार्थांसारख्या जवळच्या विषयावरचा असला, तर मात्र ती बहुतेकांच्या ध्यानात आली नाही. कित्येकांना मूळ प्रश्नही आठवेना. पण प्रश्नाचा मजकूर पडद्यावर कायम ठेवताच बगल ओळखणाऱ्यांचे प्रमाण वाढले. म्हणजे दोष केवळ वक्त्याच्या चातुर्याचा नाही. आपल्या विस्मरणाचाही आहे.

आपल्याकडे पंतप्रधानपदाच्या दावेदारांच्या वादसभेची प्रथाच नाही. २०२४ साली दोन निवृत्त न्यायमूर्ती व एक ज्येष्ठ संपादक यांनी नरेंद्र मोदी व राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचे निमंत्रण दिले. राहुल गांधींनी तयारी दर्शविली, परंतु चर्चा झाली नाही. संसदीय पद्धतीत अशा चर्चेचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. परंतु संसदीय लोकशाहीच असलेल्या ब्रिटनने २०१० पासून ती स्वीकारली आहे. शिवाय मुलाखती तर आपले सर्वच पुढारी देतात. कर्जमाफी, करसवलत, निवृत्तिवेतन अशी आश्वासने त्यांत मुक्तहस्ते वाटली जातात. पैसा कोठून येणार, असे विचारताच उत्तर येते ते मागील सरकारच्या पापांचे.

तेव्हा मागणी दोनच गोष्टींची आहे. उत्तर चालू असेपर्यंत प्रश्न पडद्यावर राहावा आणि उत्तर न मिळाल्यास तोच प्रश्न पुन्हा विचारण्याची मुभा सूत्रसंचालकास असावी. यास फारसा खर्च येत नाही. वाहिन्या हे करीत नाहीत, तोवर प्रश्न कागदावर उतरवून घेण्याचे काम मतदारालाच करावे लागेल. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांना तरी ही सवय नवी नाही.