शहराचा धूर, शिवाराची पाने

ओझोन म्हटले की आभाळातले संरक्षक छत्र आठवते. ते तेथे असावेच. पण हाच वायू जमिनीलगत तयार झाला की झाडाला विष होतो. गाड्यांचा आणि औष्णिक वीज केंद्रांचा धूर उन्हात तापला की तो तयार होतो आणि वाऱ्याबरोबर शहराबाहेर येतो. धूर इंडियाचा, पाने भारताची!

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पूर्वेला सॅन बर्नार्डिनोचे डोंगर आहेत. १९५० नंतर तेथील पाइन वृक्ष पिवळे पडू लागले. कारण कळेना, म्हणून नावच ठेवले 'एक्स रोग'. १९६३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की दोष किडीचा नाही, बुरशीचा नाही, शहरातून येणाऱ्या ओझोनचा आहे. पण सगळी झाडे सारखी वाळली नाहीत. शेजारी शेजारी उभ्या दोन झाडांत एक पिवळे, एक हिरवे. जात तीच, जमीन तीच, फरक रक्ताचा.

पुढे डेव्हिड कार्नोस्की आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅस्पेन या झाडाची (याची पाने आपल्या पिंपळासारखी सळसळतात) रोपे वेगवेगळ्या राष्ट्रीय उद्यानांतून आणून तपासली. जेथे हवा जास्त खराब, तेथली रोपे ओझोनला जास्त सोसणारी निघाली. म्हणजे नाजूक झाडे मागे पडत होती आणि निवड आपोआप चालू होती. विस्कॉन्सिनमध्ये १९९८ पासून सुमारे दहा वर्षे उघड्या रानात तीस-तीस मीटरच्या वर्तुळांत ओझोन सोडून पाहिला. पहिल्या वर्षांत वाढ खुंटली. शेवटी मात्र सोसणाऱ्या झाडांनी रिकामी जागा भरली आणि रानाची एकूण वाढ साध्या हवेतल्या रानाच्या बरोबरीला आली. कारण रान मिसळीचे होते.

ओझोन पानाच्या रंध्रांतून आत शिरतो आणि पेशी जाळतो. सोसणारे झाड एकतर रंध्रे लवकर मिटते, नाहीतर विष मारणारी रसायने जास्त बनवते. दोन्हींना खर्च आहे. मिटलेल्या रंध्रांतून अन्नासाठी लागणारी हवाही कमीच येते.

आता आपल्याकडे वळू. १९८० च्या दशकात अमेरिकेत पिकांवर चाचण्या झाल्या. त्यांत कपाशी नाजूक ठरली, ज्वारी बरीच काटक. पुण्याच्या हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ साली हिशेब मांडला, की २००५ साली ओझोनने देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ खाल्ला. कपाशी आणि सोयाबीनही त्या हिशेबात आहेत. हे नुकसान पंचनाम्यात कधी येत नाही, कारण पान वाळले की आपण पाण्यालाच दोष देतो. (लाल्याही ओझोनच्या माथी मारू नका, तो बहुधा नत्र आणि मॅग्नेशियमच्या कमतरतेचा. ओझोनचे ठिपके बारीक असतात, जुन्या पानांच्या वरच्या बाजूला.)

रानाला मिसळ वाचवू शकली. आपल्या पऱ्हाटीच्या शेतात मात्र एका पाकिटातले सगळे रोप एकसारखे. ते नाजूक निघाले तर जागा भरायला शेजारी कोणी नाही.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही ठराव ठेवत आहोत. ओझोन मोजणारी यंत्रे शहरांतच न ठेवता कोरडवाहू संशोधन केंद्रांवरही बसवावीत. कपाशीचे प्रत्येक वाण विक्रीला येण्यापूर्वी ओझोनमध्ये तपासावे आणि त्याचा निकाल पाकिटावर छापावा. आणि ज्यांच्या घरी देशी कापसाची सरकी अजून जपलेली आहे, त्यांनी ती बैठकीला मूठभर घेऊन यावी.