न कळलं तर सोडून देईल

ग्राहकाला आत घ्यायचं का आणि कोणत्या अटींवर (त्या अटी ॲट्रिब्यूटमधून जातात) हे जोडणीच्या पेटीला सांगणारा जो रेडिअस सर्व्हर, तो सांभाळणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य पक्कं बसलेलं आहे : सगळ्या कंपन्यांचे ॲट्रिब्यूट एकाच उत्तरात भरून पाठवा, ज्या पेटीला जे कळणार नाही ते ती सोडून देईल. हे वाक्य मीही अनेकदा उच्चारलं आहे. आज ते ऐकलं की संताप येतो, कारण त्याची किंमत कोण भरतं हे मी पाहिलं आहे.

नोव्हेंबर १९९८ मध्ये इंटरनेट सेवा खासगी कंपन्यांना खुली झाली. त्यानंतर दोनेक वर्षांनी मी एका जिल्ह्याच्या गावी छोट्या डायल-अप कंपनीत लागलो. भांडवल बेताचं, म्हणून मोडेमच्या पेट्या जशा मिळतील तशा घेतलेल्या. तीन पेट्या, तीन कंपन्यांच्या. ग्राहकाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्याकडे एकच फोन नंबर. हंटिंगमध्ये जी लाईन मोकळी असेल तिच्यावर कॉल पडायचा. शंभर तासांचं पॅकेज घेतलेल्या एका शाळेतल्या बाई होत्या. रात्री मेल बघता बघता त्यांना डोळा लागला आणि सकाळी उठल्या तेव्हा सात तास उडालेले, वर टेलिफोनचं बिल वेगळं. पंधरा मिनिटं काही हालचाल नसेल तर लाईन तोडायची असा आमचा नियम होता. पण ती मुदत आम्ही एका कंपनीच्या खास ॲट्रिब्यूटमधून पाठवत होतो. त्या कंपनीच्या पेटीवर लाईन तुटे. उरलेल्या दोघी ते सोडून देत, अगदी वाक्यात म्हटलं आहे तसंच. आम्ही ऑफिसमधून फोन लावून पाहिला, नेमका बरोबर पेटीवर पडला, लाईन वेळेवर तुटली. मग आम्ही बाईंना सांगितलं, तुमचा मोडेम खराब आहे. त्यांनी नवा मोडेम घेतला.

हा गोंधळ आला कुठून? रेडिअसच्या प्रमाणात, आरएफसी २८६५ मध्ये, क्रमांक २६ चा ॲट्रिब्यूट कंपन्यांसाठी राखून ठेवलेला आहे. आत चार बाइट कंपनीचा क्रमांक, पुढे त्या कंपनीचा मजकूर. सिस्को ९, लिव्हिंग्स्टन ३०७, यूएस रोबोटिक्स ४२९, ॲसेंड ५२९. हेतू स्वच्छ होता : ज्या सोयी प्रमाणात नाहीत त्या इथून पाठवा. पण आतला मजकूर कसा मांडायचा हे प्रमाणाने सुचवलं फक्त, बंधनकारक केलं नाही. एक बाइट प्रकार आणि एक बाइट लांबी असा तो सल्ला. यूएस रोबोटिक्सने प्रकारासाठी चार बाइट घेतले आणि लांबी ठेवलीच नाही. सल्ल्याप्रमाणे वाचणाऱ्या सर्व्हरला त्यातून कचराच मिळणार. सिस्कोने एकाच 'एव्ही-पेअर'मध्ये वाक्यंच्या वाक्यं कोंबली. त्यात एखादं अक्षर चुकलं तरी सर्व्हरची डिक्शनरी, म्हणजे त्याची ॲट्रिब्यूटची यादी, ते पकडू शकत नाही, तिच्या दृष्टीने तो नुसता मजकूर असतो.

ॲसेंडचं वागणं मला सर्वात जास्त खटकतं. २६ ची खिडकी उपलब्ध असताना या कंपनीचे ॲट्रिब्यूट थेट मूळ क्रमांकांवर चालत राहिले. प्रमाण सांगतं की २४१ ते २५५ वापरू नका. ॲसेंडचा डेटा-फिल्टर २४२ वर आणि निष्क्रियतेची मर्यादा २४४ वर. सेशन किती वेळ चालावं यासाठी प्रमाणात २७ आहे, निष्क्रियतेसाठी २८ आहे. नेमक्या त्याच कामांना दुसरे क्रमांक देऊन ग्राहकांचं काय भलं झालं? ल्यूसंटने १९९७ मध्ये लिव्हिंग्स्टन घेतली, १९९९ मध्ये ॲसेंड घेतली. रेडिअस जिने जन्माला घातलं ती कंपनी आणि त्याचे क्रमांक जिने वेठीला धरले ती कंपनी, दोघी एका मालकाच्या घरात आल्या. आमच्या सर्व्हरच्या फाइलमधल्या ओळी मात्र तेवढ्याच राहिल्या.

तरीही माझा मुख्य राग कंपन्यांवर नाही. त्या आपापली दुकानं चालवतात. राग आपल्यावर आहे, कारण 'सोडून देईल' याचा अर्थ आपण कधी नीट पाहिला नाही. स्वागताचा संदेश सोडून दिला तर कोणाचं बिघडत नाही. फिल्टर सोडून दिलं तर? सर्व्हर म्हणाला, या माणसाला आत घ्या, पण फक्त मेल सर्व्हरपर्यंत जाऊ द्या. पेटीने पहिलं अर्धं वाक्य ऐकलं, दुसरं तिच्या भाषेत नव्हतं. माणूस सगळ्या नेटवर्कवर मोकळा. लॉगमध्ये मात्र सगळं सुरळीत : विनंती आली, स्वीकारली. पेटीने हवा तो ॲट्रिब्यूट नसताना जमेल तसं काम चालवावं, ही मुभा प्रमाणातच आहे. आणि त्याच प्रमाणात सर्व्हिस-टाइपबद्दल उलटा, शहाणपणाचा नियम आहे : न कळणारा सर्व्हिस-टाइप आला तर नकार आला असं समजा. हा नियम अटींनाही लागू व्हायला हवा होता. झाला नाही, म्हणून तो सर्व्हरवर आपल्याला पाळावा लागतो.

त्यासाठी लागणारी साधनं तेव्हाही होती. विनंती कोणत्या पेटीकडून आली हे तिच्या आयपी पत्त्यावरून कळतं. हंटग्रुपची फाइल त्यासाठीच असते. ग्राहकाच्या नोंदीत कुठल्याच कंपनीचा शब्द असता कामा नये. तिथे एवढंच असावं : उरलेले तास, निष्क्रियतेची मुदत, परवानगीची हद्द. त्याचं त्या त्या पेटीच्या बोलीत रूपांतर अगदी शेवटी करायचं. दुसऱ्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरकडून प्रॉक्सीने आलेले खास ॲट्रिब्यूट दारातच गाळायचे. आणि हंटिंगवर विसंबून न राहता प्रत्येक पेटीवर वेगळा फोन लावून तपासायचं.

डायल-अप गेलं, मोडेमच्या पेट्या भंगारात गेल्या, म्हणून हा विषय संपला असं कोणी समजू नये. गावोगावच्या फायबरवाल्यांचे ग्राहक आजही रेडिअसवरूनच आत येतात. वेगाची मर्यादा मायक्रोटिकच्या पेटीला एका ओळीत हवी, अपलोड आधी आणि डाउनलोड नंतर. विस्परच्या ॲट्रिब्यूटमध्ये ती सेकंदाला किती बिट अशी आणि दोन वेगळ्या आकड्यांत. चिलीस्पॉटच्या ॲट्रिब्यूटमध्ये किलोबिटमध्ये. तिन्ही एकाच उत्तरात भरून पाठवणारे तरुण इंजिनिअर मला भेटतात आणि तेच वाक्य ऐकवतात.

त्यांना माझं सांगणं एकच आहे. ज्या पेटीसाठी रूपांतर लिहिलेलं नाही, तिच्याकडून आलेल्या विनंतीला सरळ नकार द्या. ग्राहक ओरडेल, फोन वाजेल, आणि तासाभरात चूक सापडेल. बाईंच्या बाबतीतली आमची चूक सापडायला आम्हाला चार महिने लागले, तीही त्यांच्याच वहीमुळे : कोणत्या रात्री लाईन तुटली आणि कोणत्या रात्री नाही, हे त्या तारखेनिशी लिहून ठेवत होत्या.