नैरोबीचे चार, आपले साडेसहा

परवा बैठक संपल्यावर दाल बाजारात नाट्यमंदिराबाहेर चहा घेत होतो, तेव्हा विषय निघाला आफ्रिकेचा. आपल्यातल्याच एका कुटुंबातले मुलगी-जावई नैरोबीला असतात. तिथे चार-पाच जण मिळून गरीब वस्तीतल्या मुलांच्या शिक्षणासाठी एक लहानशी संस्था चालवतात. तिला आपल्या समाजाकडून काही हातभार लागेल का, असा त्यांचा निरोप होता. एक काका लगेच म्हणाले, "इथली मुलं संपली का?" दुसऱ्यांनी कॉलेजातल्या मुलांना पंधरा दिवस तिकडे पाठवायची टूम काढली. चहाच्या कपाबरोबर विषय संपू नये, म्हणून हे लिहितो आहोत.

निरोप आत्ताच का आला, हे समजण्यासारखं आहे. अमेरिकेची यूएसएड ही मदतसंस्था १ जुलै २०२५ पासून जवळजवळ गुंडाळली गेली. ब्रिटननेही आपली परदेशी मदत २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं आहे. इकडे युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे जगात २५ कोटींहून जास्त मुलं शाळेबाहेर आहेत आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेचा. केनियात सरकारी प्राथमिक शाळेची फी २००३ च्या जानेवारीत माफ झाली आणि त्या वर्षी पटावर दहा लाखांहून जास्त मुलं वाढली. पण फी माफ झाली म्हणजे खर्च संपला असं नाही. गणवेश, वह्या, दुपारचं जेवण राहतंच, आणि खच्चून भरलेल्या वर्गात मागे पडलेल्या मुलाकडे बघायला मास्तरांना वेळ नसतो. लहान संस्था उपयोगी पडते ती इथे.

आता काकांचा प्रश्न. तो खोटा नाही. ग्वाल्हेर-श्योपूरकडच्या सहरिया वस्त्यांतली मुलं आपल्याला काही तासांच्या अंतरावर आहेत. पण "आधी घरचं" असा हिशेब आफ्रिकेतल्या लोकांनी केला असता, तर आपल्याच एका मोठ्या संस्थेचं काय झालं असतं, तेही पाहावं. महर्षी धोंडो केशव कर्वे १९३० च्या डिसेंबरात आफ्रिकेला निघाले, तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. युरोप-अमेरिकेचा मोठा दौरा करून परतल्याला थोडेच महिने झाले होते. १९१६ साली काढलेल्या महिला विद्यापीठाची ओळख करून द्यायची आणि निधी गोळा करायचा, यासाठी मोंबासा, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका असा सुमारे सव्वा वर्षाचा प्रवास त्यांनी केला. देणारी माणसं बहुतेक तिकडे स्थायिक झालेली हिंदी कुटुंबं. त्यांतल्या कितीजणांच्या मुली पुण्या-मुंबईला शिकायला येणार होत्या? तरी त्यांनी दिलं. परत आल्यावर, १९३६ मध्ये, अण्णांनी शाळा नसलेल्या खेड्यांसाठी ग्रामीण प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. एकाच माणसाला मोंबासाही दिसत होतं आणि खेडंही. (आणि खरं सांगायचं तर, "इथली मुलं" म्हणणाऱ्यांपैकी सहरिया वस्तीत किती जण गेले, हे आम्ही मोजलं तर आमचंही नाव यादीत येणार नाही.)

पैशाचं म्हणाल तर आपल्या संस्थेने ते पाठवणं सोपं नाही. धर्मादाय संस्थेचं उत्पन्न भारताबाहेर खर्च झालं तर त्यावर प्राप्तिकरात सूट मिळत नाही. त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी लागते. व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ठरावीक मर्यादेत देणगी पाठवता येते, पण ८०जी ची वजावट मिळत नाही. तेव्हा समाजाच्या नावाने पावतीपुस्तक छापू नये, असं आमचं मत आहे. ज्याला द्यायचं त्याने स्वतः, बँकेतून, पावती मागून द्यावं.

पंधरा दिवसांच्या सहलीला मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे. हौशी स्वयंसेवकांच्या ओढीने अनेक देशांत अनाथालयं निघाली आणि आईवडील असलेली मुलंही त्यांत आणून ठेवली गेली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात याचा उल्लेख केला. नैरोबीची संस्था तशी नाही, मुलं आपापल्या घरीच राहतात. तरीही, आज आलेली ताई पंधरा दिवसांनी निघून जाते, पुढच्या महिन्यात दुसरी येते, यात मुलाच्या वाचनाचं काय होणार? विमानभाड्याच्या पैशात किती वह्या येतील ते सांगायला नको.

त्यापेक्षा घड्याळ बघा. नैरोबी आपल्या अडीच तास मागे आहे. तिथे दुपारचे चार वाजतात, तेव्हा इथे साडेसहा झालेले असतात. दाल बाजारात हातगाड्यांची गर्दी असते आणि आपले निवृत्त शिक्षक, बँकवाले, आकाशवाणीवाले घरी चहा घेत असतात. तिकडे शाळेत इंग्रजी आणि गणित लागतं, ते आपल्याकडे भरपूर आहे. संस्थेचं म्हणणं एवढंच, की आठवड्यातून एक तास, तोच माणूस, तीच चार मुलं, आणि निदान वर्षभर. स्क्रीनवर मुलांबरोबर तिथला एक शिक्षक कायम बसेल. मुलांचे फोटो आपल्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. ही शेवटची अट ऐकून दोघांचा उत्साह मावळला, तेही बरंच झालं.

केनियाचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं. डिसेंबरात लग्नं, जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू आणि मार्चमध्ये नातवंडांच्या परीक्षा, हे सगळं धरून ज्यांना वर्ष निभावता येईल त्यांनीच कार्यालयात नाव द्यावं. सध्या तीन नावं आली आहेत. त्यांतलं एक त्या काकांचं आहे. दर शनिवारी सहरिया वस्तीत जायचं कोणी ठरवलं तर तिकडेही येईन, असं त्यांनी खाली लिहून ठेवलं आहे.