पथ्य साऱ्या घराचे

१२ ऑक्टोबर हा जागतिक संधिवात दिन. वऱ्हाडात हे दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे. पाठोपाठ कापसाची वेचणी. बडनेऱ्याच्या शिवारात दिवसभर वाकून ही कामे करण्यात बायाच अधिक. गुडघे दुखू लागले की घरीदारी सल्ले मिळतात: आंबट सोडा, दही सोडा, वांगे वातूळ, डाळ वातूळ. अंबाडी जाते, वरण जाते, आणि ताटात उरतो चटणी-भाकरीचा तुकडा.

या सरसकट बंदीला भक्कम शास्त्रीय आधार नाही. उलट प्रथिने कमी पडली की मांडीचे स्नायू अशक्त होतात आणि सांध्यावरचा ताण वाढतो. मुळात संधिवात एक नाही. गाऊटमध्ये यूरिक ॲसिड वाढते. तिथे दारू, कलेजी आणि साखरेची शीतपेये खरोखर टाळावीत. गुडघ्याची झीज असेल, तर वजन महत्त्वाचे: एक किलो घटले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. आमवातात मात्र आधी औषध. उशीर झाला तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. 'जडीबुटी'च्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे आहेत, म्हणून झटपट आरामाला भुलू नये.

आहार औषधाची जागा घेत नाही, पण त्याला साथ देतो. त्यासाठी महागडे डबे नकोत. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, हिरवी भाजी, जवसाची चटणी हे वऱ्हाडी ताट चांगलेच आहे. जवसात वनस्पतीजन्य ओमेगा-३ आहे; तो उपचार नव्हे, उत्तम अन्न आहे. कमी करायची ती भाजीवरची तर्री, चहातली साखर, रोजचे तळण.

अडचण अशी की घरात शेवटी जेवणारी बाई स्वतःपुरते पथ्य पाळूच शकत नाही. सर्वांसाठी तेलकट भाजी रांधून स्वतःसाठी वेगळे शिजवायला तिला ना वेळ, ना मुभा. उरलेसुरले तिच्या वाट्याला येते. म्हणून पथ्य साऱ्या घराने पाळावे. दिवाळीच्या फराळाआधी एवढे ठरवावे: तेल-साखर सगळ्यांची कमी, वरणाची वाटी तिचीही भरलेली, आणि दुखणे सहा आठवड्यांहून अधिक टिकले किंवा सांधे सुजले तर घरातल्यांनीच तिला डॉक्टरांकडे न्यावे.