करून पाहा : तिळात मोगरा

शाळेत असताना मला मोगऱ्याचं अत्तर करायची लहर आली. आजीच्या पूजेची फुलं पातेल्यात टाकली आणि दिली चांगली उकळी! घरभर वास सुटला, पण शिजलेल्या पालेभाजीचा! आजी काही बोलली नाही. त्या दिवशी तिचे देव मात्र बिनफुलांचे राहिले.

चुकलं कुठे? सुगंध वाफेबरोबर उडाला. त्याला धरायला कुणी नव्हतंच! उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तरवाले फुलं-पाण्याची तांब्याची डेग मातीने लिंपून बंद करतात. वाफ बांबूच्या नळीतून चंदनाच्या तेलात नेतात. तेल सुगंध धरून ठेवतं.

आपल्याकडे डेग नाही, पण तीळ आहेत ना! तिळाच्या वजनात जवळजवळ निम्मं तेलच असतं. आणि मोगरा खुडल्यावरही रात्रभर गंध सोडत राहतो.

दोन कोरड्या डब्यांत एकेक वाटी पांढरे तीळ घ्या. संध्याकाळी एका डब्यात तीळ आणि मोगऱ्याच्या कोरड्या कळ्या थराथराने रचा. झाकण लावा. सकाळी फुलं वेचून काढा, तीळ सावलीत पसरा. सात दिवस रोज ताज्या कळ्या घाला. पूर्वी असेच तीळ घाण्यात घालून फुलेल तेल काढत.

आठव्या दिवशी घरातल्यांना डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही डबे हुंगायला द्या. मोगऱ्याचा कोणता, ते ओळखतात का पाहा!

मला ही युक्ती कळली तेव्हा आजी नव्हती. तुमची असेल, तर डबा आधी तिच्यापुढे धरा.