तीन पाळणे, एक वही

एकाच वेळी तीन लेकरे घरात आली की घड्याळ आपले राहत नाही. तान्ह्या बाळाला दिवसाकाठी ८ ते १० वेळा दूध लागते. म्हणजे आमच्या घरी २४ ते ३० पाळ्या! कोणाला पाजले, कोणाचे राहिले, हे रात्री आठवत नाही. म्हणून आम्ही वही घातली. प्रत्येक लेकराचा एक रकाना: दूध, शी-शू, औषध. अंगड्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे शिवले. शेजारणीला वाटले नजरेचे. ते होते ओळखीचे! वरचे काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजतो; बाटलीपेक्षा वाटी स्वच्छ ठेवणे सोपे.

एकाला सर्दी झाली की तिघांना होते. तिघेही एकदम झोपले की चहा गरम मिळतो, तोच आमचा सण. कोणी म्हणाले, "एक लेकरू मावशीकडे ठेवा." आम्ही म्हणालो, "लेकरू नको, मावशीलाच इकडे पाठवा!"

बाळंतिणीची विश्रांती ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कष्टकरी बाळंतिणीच्या याच हक्काची बाजू मांडली होती. म्हणून आमच्याकडे रात्री दोनची पाळी बापाची. बंधूंनो, वहीत आपलेही नाव लिहा.